विनातिकीट ज्ञान

मुलांच्या खेळाला सगळ्यांत मोठा धोका कोणाचा असेल, तर तो मुलांचं कल्याण करायला टपलेल्या वडीलधाऱ्यांचा. उनाड मित्र फार तर चेंडू पळवतात. वडीलधारे खेळच पळवतात आणि त्याच्या जागी 'हसत-खेळत भूगोल' ठेवून जातात.

आमच्या घरी पत्त्यांना बंदी होती. पत्ते म्हणजे जुगाराची बालवाडी, असं थोरांचं मत. पण मामांनी आणलेल्या एका डब्याला देवघराशेजारच्या कपाटात मानाची जागा मिळाली. कारण त्यावर 'रेल्वेने देशदर्शन' असं छापलेलं होतं. आत होते पत्तेच, आणि तेही बावन्नच! फक्त इस्पिकच्या सत्तीवर नागपूर स्टेशनाचं चित्र आणि खाली 'संत्र्यांसाठी प्रसिद्ध', चौकटच्या नव्वीवर जळगाव आणि खाली 'केळ्यांसाठी प्रसिद्ध'. भारत हा एक मोठा फळबाजार असून त्यातून अधूनमधून इंजिनं जातात, एवढं ज्ञान त्या कॅटातून नक्की मिळे. आम्ही दोन दिवस मजकूर वाचला आणि तिसऱ्या दिवसापासून झब्बू खेळू लागलो. मामांची चाहूल लागली की एकाने "नागपूर!" असं ओरडायचं. मामा कृतार्थ होऊन पुढे जात. ज्ञानाचं तुळशीपत्र ठेवलं की पत्त्यांचाही नैवेद्य होतो.

हे तुळशीपत्र आपल्याकडचं नव्हे बरं का. १६४४ साली फ्रान्समध्ये कार्डिनल मॅझरिन यांनी बालराजा चौदाव्या लुईसाठी शैक्षणिक पत्त्यांचे कॅट करवून घेतले. मजकूर देमारे या लेखकाचा, चित्रं स्तेफानो देल्ला बेल्ला यांची. त्यांतला एक कॅट भूगोलाचा होता. युरोप, आशिया, आफ्रिका आणि अमेरिका असे चार रंग आणि पत्त्यागणिक एकेक देश. स्वतः मॅझरिन जुगाराचे नामांकित शौकीन. म्हणजे दारूच्या दुकानदाराने दूध वाटावं तसलाच प्रकार. राजेसाहेब तेव्हा जेमतेम सहा वर्षांचे. पुढे त्यांनी आयुष्यभर शेजाऱ्यांचे मुलूख हिसकावले. शैक्षणिक पत्ते इतके मनावर घेणारा दुसरा विद्यार्थी झाला नसेल!

मग १६७६ साली लंडनच्या रॉबर्ट मॉर्डननी इंग्लंड आणि वेल्सच्या परगण्यांचे पत्ते काढले. परगणे बावन्न आणि पत्तेही बावन्न. असा योग पाहून कुठल्याही शिक्षणप्रेमी माणसाचे हात शिवशिवणारच. प्रत्येक पत्त्यावर परगण्याचा चिमुकला नकाशा आणि त्याची लांबी, रुंदी, घेर, लंडनपासूनचं अंतर. डाव ऐन रंगात आला असताना भिडूने परगण्याचा घेर वाचत बसावं, अशी अपेक्षा असणार. तसला भिडू माझ्या वाट्याला न येवो.

कोणी म्हणेल, तुमचं ज्ञानाशी वाकडं आहे. मुळीच नाही. माझी कसोटी साधी आहे. पत्त्यावरचा मजकूर खोडून टाका. खेळ पूर्वीसारखाच चालला, तर ते ज्ञान खेळात नव्हतंच. ते विनातिकीट प्रवास करत होतं. मामांचा कॅट या कसोटीला नापास आणि मॅझरिनसाहेबांचाही. उलट आपल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, असे एकशेवीस गोल पत्ते. डाव दिवसा असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्याची उतारी, रात्री असेल तर कृष्णाचा राजा असलेल्याची. राम-कृष्ण ओळखता येत नसतील, तर डाव सुरूच होणार नाही. इथे ज्ञानाने तिकीट काढलेलं आहे.

आमच्या कॅटालाही शेवटी तिकीट मिळालं, पण ते मामांकडून नव्हे. शेजारी रेल्वेतले एक गार्ड राहत. त्यांच्या मुलाने नियम बसवला: खालच्या स्टेशनावरून रुळाने थेट जाता येईल असंच स्टेशन वर टाकायचं. झालं! संत्री-केळी बाजूला पडली आणि मनमाड वर आलं. त्या बिचाऱ्याच्या पत्त्यावर छापायला कंपनीला काहीच सापडलं नव्हतं. नुसतं 'मोठे जंक्शन'. पण मनमाडहून नाशिक, भुसावळ, दौंड, औरंगाबाद अशा चारही वाटा मोकळ्या. त्या पत्त्यासाठी आम्ही मारामाऱ्या केल्या. औरंगाबादच्या बाजूला तेव्हा मीटर गेज होतं, म्हणून तिकडे वळणाऱ्याने गाडी बदलण्यासाठी एक डाव गप्प बसायचं. आणि माथेरान हाती उरलं की खेळ खलास, कारण नेरळहून वर गेलं की पुढे रूळच नाहीत.

छापील मजकुराची आणखी एक गंमत आहे. तो मासळीसारखा नासतो. मॉर्डनच्या परगण्यांपैकी कित्येक १९७४ च्या फेररचनेत कारभारातून उठले. १९६० साली महाराष्ट्राचे जिल्हे होते सव्वीस, म्हणजे बरोबर अर्धा कॅट. आज छत्तीस आहेत. आमच्या डब्यातलं व्हीटी १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं आणि २०१७ साली त्यात 'महाराज' आलं. औरंगाबादचं २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झालं आणि मीटर गेज तर त्याच्या कितीतरी आधी गेलं. तेव्हा पत्त्यांतल्या एकेका गावाचा पत्ता बदलत राहणारच. पण मनमाडच्या चार वाटा आहेत तिथेच आहेत. पाठांतर शिळं होतं. कुठून कुठे जाता येतं, हे सहसा होत नाही.

म्हणून मला आजची काळजी वाटते. हल्लीच्या मुलांच्या फोनमध्ये अख्खं जग आहे आणि त्यात एक निळा ठिपका, म्हणजे तो स्वतः. पुण्याहून नागपूरला जाऊन आलेल्या मुलाला विचारा, "वाटेत काय लागलं?" तो म्हणतो, "झोप." त्याला ज्ञान द्यायला मामा आता फोनमध्येही शिरले आहेत. अमक्याची राजधानी कोणती, चार पर्याय, बरोबर आल्यास टाळ्या. कुठल्या वाटेने जायचं, हे मात्र कोणी विचारत नाही. २००४ साली ॲलन मून यांनी 'टिकेट टू राइड' काढला. पत्ते जमवून शहराशहरांत रूळ टाकायचे, एवढाच खेळ. तो शिकवायला निघालेला नाही; पण दुसऱ्याने मधला रस्ता अडवला की कुठलं शहर कुठे आहे ते जन्मभर लक्षात राहतं.

तेव्हा समस्त मामालोकांना माझं सांगणं आहे: जमत असेल तर ज्ञानाला खेळाचा नियम करा. जमत नसेल तर मुलांना बदाम सात खेळू द्या. हातात पत्ता असूनही तो दाबून धरायचा आणि दुसऱ्याची वाट अडवायची, हे शिक्षण त्यात फुकट मिळतं. आणि मोठेपणी कुठल्याही कचेरीत ते संत्र्या-केळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतं.