तेच यंत्र, दुखण्यासाठी

पांढरकवड्याच्या शिवारात कापूस वेचणी लागली की बाई दिवसभर वाकलेलीच असते. हंगाम सरतो, पण खांदा, गुडघा, टाच ठणकतच राहते. ‘होईल बरं’ म्हणत दुकानातली गोळी घ्यायची अन् कामाला लागायचं, एवढाच आपला उपचार!

आता अशा जुनाट दुखण्यावर सोनोग्राफीत बघून इंजेक्शन देतात. सोनोग्राफी म्हटली की आपल्याला गरोदर बाईच आठवते ना? पण याच यंत्राच्या पडद्यावर स्नायू, नस, रक्तवाहिनी आणि आत जाणारी सुईही दिसते. अंदाजाने टोचायचं काम राहत नाही, क्ष-किरणही नाहीत. मात्र हाडाच्या पलीकडचं त्यात दिसत नाही. म्हणून मणक्यातल्या खोल इंजेक्शनला बहुधा क्ष-किरणांचं यंत्रच लागतं.

मग ही सोय लहान गावांत का पोचत नाही? एक तर हे शिकलेले डॉक्टर कमी. दुसरं, गर्भलिंग निदानविरोधी कायद्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते. हातात मावणारं यंत्र असलं, तरी ते या गावच्या दवाखान्यातून त्या गावी सहज नेता येत नाही. ‘खांदा बघायला एवढी कटकट कशाला?’ असं डॉक्टर म्हणतात. त्यांचंही खोटं नाही.

पण मैत्रिणींनो, हा कायदा उगाच आला का? १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी असा कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा झाला. तरी राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, त्या २०११ च्या जनगणनेत ८९४ वर आल्या. म्हणून कायदा सैल करा, असं आपण म्हणू नये. नोंदणी वेळेत करा आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना हे तंत्र शिकवा, असं मात्र ठासून म्हणावं.

इंजेक्शन घेण्याआधी विचारा, औषध कोणतं? स्टेरॉइड असेल, तर मधुमेह असलेल्या बाईची साखर काही दिवस वाढू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधीच सांगा. आणि सुईने दुखणं कायमचं जाईलच, असं नाही. आराम पडला की व्यायाम सुरू करायचा, तोच पुढे कामी येतो.

लेक वाचवणारा कायदा हवाच. तिच्या आईचं दुखणंही कुणीतरी नीट बघायला हवं.