‘वानी’ला मार्क का नाही?



अलंकार म्हटले की पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक यांच्या व्याख्या आपण पाढ्यासारख्या घोकतो, आणि पेपरात नवे वाक्य आले की गप्प. माझ्या मते अलंकार कठीण नाहीत. ते आपल्या घरात रोज बोलले जातात, हे आपल्या ध्यानात येत नाही एवढेच.

हे पाहा. “आमची पोरगी मिरचीवानी तिखट हाय.” मालेगावच्या कोणत्याही ओट्यावर हे ऐकू येईल. यात पोरगी उपमेय, मिरची उपमान, तिखटपणा हा दोघींतला सारखा गुण म्हणजे साधारण धर्म, आणि ‘वानी’ हा साम्यवाचक शब्द. चारही अंगे हजर! चोख उपमा झाली. आता तीच मिरची घेऊन पुढे चला. “पोरगी कायची, जशी काही मिरचीच!” ही उत्प्रेक्षा, कारण पोरगी जणू मिरचीच आहे अशी कल्पना केली. “पोरगी म्हणजे लवंगी मिरची” असे म्हटले की दोघी एकरूप झाल्या, ते रूपक. “ती बोलली का साऱ्या गावाले ठसका लागते” ही अतिशयोक्ती. (सारे गाव कशाला खोकेल!) “मिरची म्हनते, माह्या नादी लागू नको” यात मिरची माणसासारखी बोलू लागली, ती चेतनगुणोक्ती. ओली काडी लावल्यावर मायची चूल ‘रुसते’, तीही त्यातलीच.

पण वहीत ‘मिरचीवानी’ लिहिले की त्यावर लाल रेघ येते आणि वर ‘मिरचीसारखी’ असे लिहिले जाते. ‘सम’, ‘परी’, ‘सदृश’ हे शब्द आता बोलण्यात कोण वापरतो? तरी ते चालतात. मग ‘वानी’ने काय घोडे मारले? अशाने काही मुले मायचे बोलणे शाळेत सांगायला लाजतात. मला हे पटत नाही.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात काम करताना ओव्या सुचत, त्या मुलगा सोपानदेव व घरची मंडळी उतरवून घेत. पिकात शिरणारे ओढाळ ढोर म्हणजे मन, हे रूपक त्यांनी कोणत्या पुस्तकातून घेतले नव्हते. ते वावरातले होते, आणि शब्दही घरच्याच बोलीतले. १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापली गेली. आज तीच आपण पाठ्यपुस्तकात शिकतो.

व्याख्या पाठ करू नका असे मी म्हणत नाही. परीक्षेत नाव विचारतात, ते यायलाच पाहिजे. पण उदाहरण घरचे चालावे, एवढी गुरुजींना विनंती.

या लेखाखाली कोरा कागद लावला आहे. आईबाबांनी, आजीने आपल्या घरचे एक ‘वानी’चे वाक्य त्यावर लिहावे. लिहिता येत नसेल तर नुसते सांगा, आम्ही उतरवून घेऊ.

— इयत्ता ७ वी