कायदा आंधळा नाही, त्याला जात दिसते!

'सट्टम ओरु इरुट्टरै' म्हणजे 'कायदा ही अंधारी खोली'. एस. ए. चंद्रशेखर यांच्या १९८१च्या या तमिळ चित्रपटात विजयकांत कुटुंबाच्या खुन्यांचा सूड घेतो. हिंदीत तो 'अंधा कानून' (१९८३) झाला. आपणही टाळ्या पिटल्या.

आमचा सवाल साधा आहे : हा अंधार खरा भोगला कोणी?

त्याच तमिळनाडूत, किळवेण्मणीत, २५ डिसेंबर १९६८ रोजी मजुरीसाठी लढणाऱ्या दलित शेतमजुरांची ४४ माणसे, बहुतेक बायकामुले, झोपडीत जाळली गेली. उच्च न्यायालयाने जमीनदारांना सोडले. का? मोटारवाले श्रीमंत लोक स्वतः चालत जाऊन आग कशी लावतील! हा आंधळेपणा नव्हे. कायद्याला जात आणि इस्टेट स्वच्छ दिसली.

१९८० साली मुख्य जमीनदाराचा खून झाला. सिनेमा इथे संपला असता. पण सुडाने माणूस मेला, निकालामागची मनुवृत्ती नाही.

बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली तोही २५ डिसेंबरच, १९२७चा. त्यांनी माणूस नाही, विषमतेचा कायदा जाळला. पुढे नवा कायदा लिहिला. म्हणून आम्हाला पडद्यावरचा एकटा नायक नको. संघटना हवी, आणि न्यायासनावर आपली माणसे हवीत.

जय भीम!