मोडक्या भिंतींचें तत्त्वज्ञान

उत्तर-आधुनिक वास्तुकला व तिच्यामागून आलेली विखंडनवादी वास्तुकला या परस्परांच्या हाडवैरिणी आहेत, असें पाश्चात्त्य कलापंडित सांगत आले आहेत. पहिली जुन्या कमानी व स्तंभ उसने आणून इमारत सजविते. दुसरी भिंती तिरप्या करून तिचा तोल बिघडविते. आमचें मत निराळें आहे. या सासू-सुना आहेत. भांडण कितीही कडाक्याचें असलें, तरी दोघींची चूल एकच.

पुरावा दूर शोधावयास नको. न्यूयॉर्कमधील ए. टी. अँड टी. कंपनीच्या उत्तुंग इमारतीच्या माथ्यावर, जुन्या इंग्रजी कपाटास शोभेल असा, मध्यें गोल खाच पाडलेला त्रिकोण बसवून फिलिप जॉन्सन यांनीं १९८४ सालीं उत्तर-आधुनिक पंथास प्रतिष्ठा मिळवून दिली. चारच वर्षांनीं, १९८८ सालीं, त्याच शहरांतील आधुनिक कला-संग्रहालयांत मार्क विगली यांच्यासह विखंडनवादाचें प्रदर्शन मांडणारे गृहस्थ तेच! मतपरिवर्तन हा गुन्हा नव्हे. परंतु येथें मत बदललें कीं नुसता पोशाख?

उत्तर-आधुनिकांची मूळ तक्रार रास्त होती, हें आम्हांस मान्य आहे. रॉबर्ट व्हेंचुरी यांनीं १९६६ सालच्या आपल्या ग्रंथांत वास्तूंतील गुंतागुंतीची व विसंगतीची बाजू मांडली, तेव्हां काचपोलादाच्या सपाट पेट्यांना कंटाळलेल्यांस हायसें वाटलें. पण वास्तु ही एक भाषा आहे, हा विचार पुढें इतका ताणला गेला कीं, ती राहावयाची वस्तु न उरतां वाचावयाची झाली. मग एक पंथ तिच्यावर जुनीं सुभाषितें कोरूं लागला. आणि दुसरा, कधीं देरिदांचा तर कधीं रशियन रचनावाद्यांचा आधार घेऊन, वाक्यच मोडूं लागला.

त्या प्रदर्शनांतील सात वास्तुकारांपैकीं एक पीटर आयझेनमन. कनेक्टिकटमध्यें १९७५ सालीं पुऱ्या झालेल्या त्यांच्या 'सहाव्या घरां'त निजण्याच्या खोलीच्या जमिनीस अशी चीर ठेवली होती कीं, पतिपत्नींचा एकत्र पलंग तेथें मांडतां येईना. धन्यांनीं तें कौतुकानें सोसलें. ती त्यांची खुषी. परंतु सार्वजनिक वास्तूस अशीं सोशीक माणसें कोठून मिळणार? ओहायोंतील कोलंबस येथील त्यांचें वेक्सनर कलाकेंद्र १९८९ सालीं उघडलें. तेथें एक खांब वरून लोंबतो, जमिनीस टेकतच नाहीं. पुढें छताच्या काचा गळूं लागल्या, आंत येणारा प्रकाश कलाकृतींस घातक ठरला, आणि २००२ ते २००५ पर्यंत दालनें बंद ठेवून दुरुस्ती करावी लागली. कलेचें मंदिर कलेच्याच मुळावर यावें, याहून मोठी विसंगति कोणती?

कवीस व्याकरण मोडण्याची मुभा आहे, ती वास्तुकारास कां नसावी, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. न आवडलेली कविता मिटून ठेवतां येते. न सोसणाऱ्या घरांत मात्र कर्ज फेडीत पावसाळे काढावे लागतात. जेथें भंगलेपण हाच विषय आहे, तेथें गोष्ट वेगळी. बर्लिनमध्यें २००१ सालीं उघडलेल्या डॅनियल लिबेस्किंड यांच्या ज्यू संग्रहालयांतील रित्या पोकळ्या एका नष्ट केलेल्या समाजाची उणीव बोलून दाखवितात. त्यांस आम्ही नांवें ठेवणार नाहीं. पण तें दुःख प्रत्येक कचेरीच्या व ग्रंथालयाच्या भिंतीस कां द्यावें?

म्हणून दोन्ही पंथांस आमचा सवाल एकच आहे: महाराज, आपली वाक्यरचना अपूर्व आहे, पण पाऊस आला म्हणजे आम्हीं बसावें कोठें?