पहिला सिंथ सॉफ्टवेअरचाच घ्या

घरातल्या मुला-मुलीसाठी किंवा स्वतःसाठी हप्त्यावर सिंथेसायझर घ्यायचं मनात असेल, तर थोडं थांबा. पहिला सिंथ लॅपटॉपवरचा असू द्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

‘खरा आवाज यंत्राचा, सॉफ्टवेअर म्हणजे नक्कल’ असं दुकानात आणि मित्रमंडळींत सर्रास ऐकायला मिळतं. हे सरसकट खरं नाही. मूळ यंत्र कोणत्या जातीचं आहे, हे आधी पाहावं लागतं.

यामाहाचा डीएक्स-७ घ्या. १९८३ साली आलेला हा सिंथ मुळातच डिजिटल आहे. त्याच्या आतल्या चिप आकडेमोड करून आवाज घडवतात आणि तीच आकडेमोड आजचा साधा लॅपटॉप सहज करतो. ‘डेक्स्ड’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर हेच काम करतं. डीएक्स-७ साठी पूर्वी लोकांनी बनवलेले आवाजही त्यात उघडतात. मूळ यंत्रावर नवा आवाज घडवायचा तर सपाट बटणं, एक सरकपट्टी आणि दोन ओळींचा पडदा एवढ्यावर भागवावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये सगळी मांडणी समोर दिसते. शिकणाऱ्यासाठी इथे सॉफ्टवेअरच सरस.

मिनीमूगचं तसं नाही. १९७० साली आलेला हा सिंथ अॅनालॉग आहे, म्हणजे त्यात प्रत्यक्ष विजेच्या सर्किटमधूनच आवाज घडतो. त्याचे मूळ स्वर निर्माण करणारे तीन ऑसिलेटर एकमेकांशी काटेकोर जुळून राहत नाहीत, खोलीच्या तापमानाप्रमाणे सूर किंचित सरकतो, फिल्टरला जादा सिग्नल दिला की आवाज भरदार होतो. सॉफ्टवेअरला हे सगळं गणितानं उभं करावं लागतं. ते आज पुष्कळ जमलं आहे. मूग कंपनीनं स्वतः २०१८ मध्ये मिनीमूगचं आयफोन-आयपॅडसाठी अॅप काढलं. सुटा एकेक स्वर ऐकला तर जाणकार कानाला फरक कळू शकतो. पण त्यात गळा, ढोलकी, बास मिसळले की तो ओळखणं फार अवघड जातं.

विश्वास बसत नसेल तर स्वतः पारखून पाहा. यंत्र आणि सॉफ्टवेअर या दोन्हींच्या आवाजाची पातळी अगदी सारखी ठेवा, कारण किंचित मोठा आवाज कानाला उगाचच चांगला वाटतो. मग दुसऱ्या कुणाला तरी वाजवायला सांगा आणि पाठ फिरवून ऐका.

यंत्राचं खरं बळ हाताला कळतं. प्रत्येक कामाला वेगळा नॉब असतो, त्यामुळे वाजवता वाजवता आवाज वळवता येतो. स्टेजवर ते चालू केलं की काम सुरू. ऐन कार्यक्रमात अपडेटची सूचना येत नाही. नको झालं तर विकताही येतं. मात्र जुनं यंत्र घेताना दुरुस्ती कोण करणार, भाग कुठे मिळणार, हे आधी विचारा. सॉफ्टवेअरलाही म्हातारपण येतं. २०१९ मध्ये अॅपलनं मॅकवर ३२-बिट प्रोग्रॅम चालवणं बंद केलं, तेव्हा अनेक जुने सॉफ्टवेअर सिंथ बंद पडले.

सुरुवातीला लागतं काय? घरातला लॅपटॉप, लॅपटॉपला जोडायचा साधा मिडी कीबोर्ड आणि बरे हेडफोन. ‘सर्ज एक्सटी’ मोफत आहे, कसदार आहे आणि त्यात स्वरांची जुळणीही बदलता येते, म्हणून आपल्या संगीतासाठी ते विशेष उपयोगी. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल तर ऑडिओ सेटिंगमधला बफर (आवाज पुढे पाठवण्याआधी साठवला जाणारा तुकडा) कमी करा: १०२४ सॅम्पलच्या बफरनं सुमारे २३ मिलिसेकंदांचा उशीर होतो, १२८ च्या बफरनं तीनपेक्षाही कमी. आणि कृपा करून क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर घेऊ नका. त्यातून व्हायरस येतात, बनवणाऱ्याचे कष्ट बुडतात, आणि इतकं चांगलं फुकट मिळत असताना त्याची गरजही नाही.

शेवटी साधनापेक्षा वाजवणारा महत्त्वाचा. मुंबईत हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडची तीन यंत्रं घेऊन डिस्को ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड केली. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर तिची चर्चा झाली. तशी यंत्रं तेव्हा इतरांकडेही होती. भैरव, ललत, मालकंस त्यांवर आणण्याचं कसब सिंग यांचं होतं.

म्हणून कर्ज काढू नका. एकच सॉफ्टवेअर निवडा, सहा महिने त्यावर रोज बसा, तयार आवाज बाजूला ठेवून आपला आवाज शून्यातून घडवा. त्यानंतरही हात नॉब मागत असेल, कार्यक्रम मिळू लागले असतील, तर यंत्र जरूर घ्या. तोवर काय घ्यायचं ते तुम्हाला नेमकं कळलेलं असेल. आणि वाचलेल्या पैशांतले थोडे तरी एखाद्या चांगल्या गुरूकडे शिकण्यावर खर्च करा.