सनरूफचं बटण आणि आपली लेकरं



आपल्या कुरुंद्यात आणि वसमत परिसरात आता सनरूफवाल्या गाड्या बऱ्याच दिसू लागल्या आहेत. हळदीचे, उसाचे पैसे हातात आले किंवा नोकरदाराला कर्ज मिळालं की घरात गाडी येते. गाडी बघायला गेल्यावर लेकरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पप्पा, हिला सनरूफ आहे का?" कष्टाच्या पैशाची गाडी आहे, तिचं कौतुक झालंच पाहिजे. पण गाडी घरी आल्यावर त्या सनरूफचं आपण करतो काय? लेकराला सीटवर उभं करतो, त्याची छाती-डोकं छताबाहेर काढतो आणि चालत्या गाडीत व्हिडिओ घेतो. लग्नसराईत तर हे हमखास दिसतं.

माझं मत स्पष्ट आहे. सनरूफ म्हणजे छताला असलेली खिडकी. तिच्यातून उजेड यावा, हवा यावी, आभाळ दिसावं. चालत्या गाडीत माणसानं बाहेर निघण्यासाठी ती नाही. ही गोष्ट लेकरांना शिकवायची असेल तर आधी आपण मोठ्यांनी शिकली पाहिजे.

"गावातच तर आहे, हळूच चालवतो"

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. चला, थोडं गणित करू. ताशी 40 किलोमीटर हा वेग आपल्याला हळूच वाटतो. पण त्या वेगाने गाडी दर सेकंदाला सुमारे 11 मीटर पुढे जाते. समोर अचानक म्हैस आली किंवा उसाची ट्रॉली वळली, तर तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच जवळपास एक सेकंद गेलेला असतो.

ब्रेक लागला की गाडी थांबते, पण लेकराचं शरीर त्याच वेगाने पुढे जात राहतं. नववीच्या विज्ञानात पहिलाच पाठ 'गतीचे नियम' आहे, त्यातलं जडत्व ते हेच. बेल्ट लावलेला असेल तर बेल्ट शरीराला धरून ठेवतो. उभ्या लेकराला कोण धरणार? त्याची छाती किंवा पोट थेट छताच्या कडेवर आदळतं, नाहीतर ते बाहेर फेकलं जातं. ताशी 40 किलोमीटर म्हणजे सहा मीटरहून थोड्या जास्त उंचीवरून पडल्यावर जमिनीजवळ जो वेग येतो, तेवढा वेग. दोन मजली घराच्या गच्चीवर कठड्याशिवाय आपण लेकराला उभं करू का?

आणि धोका फक्त ब्रेकचा नाही. रस्त्यावर झुकलेल्या बाभळीच्या फांद्या, लोंबणाऱ्या तारा, मंडपाच्या कमानी, संक्रांतीच्या दिवसांत पतंगाचा मांजा, हे सगळं नेमकं त्याच उंचीवर असतं. सप्टेंबर 2025 मध्ये बंगळुरूत सनरूफमधून बाहेर उभ्या असलेल्या एका लहान मुलाचं डोकं रस्त्यावरच्या लोखंडी आडव्या कमानीवर आदळलं. ती कमान उंच वाहनं अडवण्यासाठी होती. गाडी खालून सहज गेली, लेकरू मात्र गाडीपेक्षा उंच झालेलं होतं. चालवणाऱ्याची नजर समोर असते, छतावर नसते, हे लक्षात घ्या.

काच बंद असली तरी ती काचच असते, हेही विसरू नका. ऑक्टोबर 2025 मध्ये ताम्हिणी घाटात डोंगरावरून आलेला दगड सनरूफची काच फोडून आत पडला आणि एका महिलेचा जीव गेला. त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. म्हणून पावसाळ्यात घाटात दरडीखाली गाडी उभी करून फोटो काढणं टाळलेलं बरं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 123 नुसार वाहनाच्या सांगाड्याबाहेर कुणालाही बसवून किंवा उभं करून नेता येत नाही. कलम 194 ब नुसार 14 वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा बालआसन नसेल तर 1000 रुपये दंड आहे. पण दंडाची भीती घालून काही होत नाही. पोलीस नसला की नियम मोडतो. बापाने बेल्ट लावला नाही तर लेकरू तेच शिकतं.

सनरूफ वापरायचं कसं?

1. बटण फक्त चालवणाऱ्याच्या किंवा शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाच्या हातात. काही गाड्यांत आवाजी सूचनेनेही छत उघडतं, ते लेकरांचा खेळ होऊ देऊ नका.
2. उन्हात तापलेल्या गाडीत बसताना आधी काचेचा मागचा भाग थोडा वर उचला. गरम हवा निघून जाते. मग बंद करून एसी लावा.
3. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दुपारी आतला पडदा ओढलेलाच ठेवा.
4. काच बंद करताना कुणाचा हात वर नाही ना, हे बघूनच बटण दाबा. मध्ये काही अडकलं तर काच मागे सरकते, अशी सोय बऱ्याच गाड्यांत असते, पण लेकराच्या बोटांवर तिची परीक्षा घेऊ नका.
5. गाडीतून उतरण्याआधी छत बंद झालं का ते वर बघून खात्री करा. लेकराला गाडीत एकटं ठेवू नका.
6. कडेच्या खाचेतली धूळ, पाला मऊ कापडाने पुसा. तिथल्या पाणी जाण्याच्या नळ्या तुंबल्या की पावसाचं पाणी आत ठिबकतं.

शाळेत काय करता येईल?

शिक्षक मित्रांनो, जडत्व शिकवताना एक प्रयोग करा. खेळण्यातल्या गाडीवर खडूचा तुकडा उभा ठेवा आणि गाडी पुस्तकावर आदळू द्या. मग तोच खडू रबरबँडने बांधून पुन्हा करा. नंतर विचारा, "यातला कोणता खडू म्हणजे तुम्ही?" नववीच्या मुलांना ताशी 20, 40 आणि 60 किलोमीटर वेगासाठी पडण्याची उंची काढायला सांगा. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते, हे त्यांना स्वतःला सापडू द्या. ते उत्तर वहीत राहणार नाही, घरी जाईल.

आणि पालकहो, लेकराला आभाळ दाखवायचंच असेल तर रस्त्यापासून दूर, सपाट जागी गाडी उभी करा, इंजिन बंद करा. रात्री काचेतून चांदण्या बघा, सप्तर्षी ओळखायला शिकवा. हौसही होईल, अभ्यासही होईल. मात्र गाडी सुरू झाली की प्रत्येकजण आपल्या सीटवर, बेल्ट लावून. हा नियम आज संध्याकाळीच घरात सांगून टाका, आणि पाहुण्यांची लेकरं आपल्या गाडीत बसली तर त्यांनाही तोच लावा.