मातीचा पेला

सुगी उरकली की आमच्या जुन्नर-आंबेगावात टेनिस बॉलचे सामने रंगतात. मोकळ्या वावरात रोलर फिरतो, चुन्याच्या रेघा पडतात. त्या रेघा मारणारं पोरगं दिसलं की मला क्रिकेटपटू पालवणकर बाळू आठवतात.

बाळू जन्मले १८७६ साली, चांभार समाजात. पुण्यातल्या गोऱ्यांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर ते रोलर ओढत, जाळी बांधत आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकत. बॅट मात्र त्यांच्या हाती दिली जात नसे. त्यांची डावखुरी फिरकी इतकी बिनतोड, की गोऱ्यांना हरवायचं तर बाळू हवेतच, हे पुण्याच्या हिंदू क्लबालाही मान्य करावं लागलं. त्यांना संघात घेतलं. पण चहाच्या वेळी बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा पीत आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या पेल्यात मिळे. त्यांनी टाकलेला चेंडू सगळे झेलत, विटाळ व्हायचा तो फक्त कपाला.

अमेरिकेत जॅकी रॉबिन्सन १९४७ साली ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि मेजर लीग बेसबॉलमधली वर्णाची भिंत पडली, हे जगाला ठाऊक आहे. त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे जातीची तशीच भिंत ओलांडत, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले होते. परतल्यावर त्यांच्या सत्कारात तरुण आंबेडकर बोलले. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना नाकारलंच. १९२० मध्ये कर्णधारपदावरून पुन्हा अन्याय झाला तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे धाकटे भाऊ संघातून बाहेर पडले. अखेर १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने चार समाजांच्या संघांमधली चौरंगी स्पर्धा जिंकली.

बळी घेणारा हात सगळ्यांनाच हवा असतो. त्याच हाताचं पाणी पिताना आणि त्याच्या हुकमाखाली खेळताना खरा कस लागतो. म्हणून यंदा आपल्या गावच्या सामन्यांत धावफलकाच्या पलीकडेही पाहू या. भीमाशंकरच्या डोंगरातून आलेलं आदिवासी पोर, दलित वस्तीतला वेगवान गोलंदाज नाणेफेकीला जातो का? सामना संपल्यावर तो सगळ्यांच्या पंगतीत बसतो का? तो बसेल, त्या दिवशी बाळूंच्या हातातला मातीचा पेला फुटेल.